हे रोप नक्की कसलंय? अनोळखी रोपटी ओळखायची कशी आणि पसरणारी झाडं आवरायची कशी

कुंडीत आपण काहीतरी पेरतो, आठवड्याभराने डोकावून बघतो तर पाच-सहा कोंब वर आलेले असतात आणि त्यातले दोन बाकीच्यांसारखे दिसतच नाहीत. आता हे काय? पक्ष्याने टाकलं, कंपोस्टमधून आलं, की बियांच्या पाकिटातच भेसळ होती? बहुतेक जण इथे दोनपैकी एक करतात, एकतर "तण असणार" म्हणून उपटून फेकतात नाहीतर "येऊ दे बिचारं, बघू काय निघतंय" म्हणून सोडून देतात. मी दोन्ही केलंय आणि दोन्हीत फसलोय. एका वर्षी स्वतःच्या हाताने पेरलेली कॉसमॉसची सगळी रोपं गाजर गवत समजून उपटली, आणि पुढच्या वर्षी शहाणपणा दाखवायचा म्हणून लाजाळूसारख्या नाजूक पानांचं एक रोप सहा महिने खतपाणी घालून वाढवलं, ते निघालं सुबाभूळ. काढताना कुदळ लागली, आणि वरून कापलं तर खालून पुन्हा फुटलं ते वेगळंच.

तेव्हापासून माझा एक ठरलेला कार्यक्रम आहे. अनोळखी रोप लगेच उपटायचं नाही आणि मोकळंही सोडायचं नाही, ओळख पटेपर्यंत नजरकैदेत ठेवायचं. आणि दुसरं, जे मला फार उशिरा कळलं: नाव नंतर कळलं तरी चालतं, ते पसरतं कसं हे आधी कळायला हवं. कारण बागेची वाट लागते ती नाव माहीत नसल्याने नाही, तर आपण बघत बसलेलो असताना त्याने बी टाकल्यामुळे.

आधी जागा बघा, मग रोप

रोपाकडे वाकून बघायच्या आधी मान वर करून बघा. वर वायर आहे का, फांदी आहे का, कठडा आहे का जिथे पक्षी बसतात? तसं असेल तर ते फळ खाऊन टाकलेलं बी असायची शक्यता जास्त, म्हणजे पिंपळ, वड, तुती, कडुनिंब, घाणेरी किंवा मिरची अशातलं काहीतरी. भिंतीच्या फटीत, पाइपच्या सांध्यात उगवलेलं चिवट रोप तर बहुतेक वेळा वड-पिंपळाच्या कुळातलंच असतं, आणि ते लहान असतानाच काढलेलं बरं, मुळं भिंतीत शिरली की मग गवंड्यालाच बोलवावं लागतं.

एकाच जागी आठ-दहा रोपं घोळक्याने आली असतील तर कंपोस्ट आठवा. टोमॅटो, भोपळा, पपई, मिरची, हे सगळं आपल्याच स्वयंपाकघरातून तिथे गेलेलं असतं. सगळीकडे एकेकटं, विखुरलेलं उगवलं असेल तर वाऱ्यावर आलेलं, रुईची म्हातारी उडते ना, तसं. आणि नर्सरीतून आणलेल्या झाडाच्या बुडाशी जे फुकटात येतं, आंबुटी, दुधी (भाजीचा दुधी नव्हे, पांढरा चीक येणारं तण), लव्हाळा, त्याची ओळख पटवायला फार वेळ लागत नाही, कारण ते नेहमीचेच पाहुणे.

पेरतानाच थोडी अक्कल लावली तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो. मी आता बी विस्कटून टाकत नाही, काडीने तीन खड्डे त्रिकोणात करतो आणि त्यातच टाकतो. त्रिकोणाच्या बाहेर जे येईल ते परकं, विषय संपला. मोठ्या बेडमध्ये सरळ ओळ, आणि ओळीच्या टोकाला काडी. पाकिटातल्या चार बिया वेगळ्या छोट्या ग्लासात लावून त्यावर नाव लिहून ठेवायचं, म्हणजे बेडमध्ये शंका आली की शेजारी नमुना हजर.

अजून एक युक्ती, कोरी कुंडी. जी माती किंवा पॉटिंग मिक्स तुम्ही सगळीकडे वापरलंय तेच एका कुंडीत भरायचं, काहीही पेरायचं नाही, वरून बारीक जाळी बांधायची आणि नेमाने पाणी घालायचं. त्यात जे उगवेल ते मिक्समधूनच आलेलं. जाळीवाल्या कुंडीत काही नाही आणि उघड्या कुंडीत आहे, तर मग पक्षी, वारा नाहीतर तुम्ही स्वतः. एकदा हे केलं की कंपोस्टला उगाच शिव्या घालणं बंद होतं, किंवा योग्य कारणाने घालता येतात.

पहिली दोन पानं फसवतात, तरी बघायची

रोपाची सगळ्यात पहिली पानं म्हणजे बीजपत्रं, ती बियांत आधीच तयार असतात. ती बघून झाडाचं नाव सांगता येईलच असं नाही, पण कुटुंब बरेचदा कळतं. एकच बारीक पातं सुईसारखं वर आलं तर एकदल, म्हणजे गवत, लव्हाळा, कांदा, मका यांपैकी. दोन पानं समोरासमोर उघडली तर द्विदल. वाटाणा आणि आंबा मात्र बीजपत्रं जमिनीखालीच ठेवतात आणि थेट खरी पानं वर काढतात, त्यामुळे आंब्याचं रोप पहिल्यांदा दिसतं तेच तांबूस, मऊ, लोंबत्या पानांचं, आणि लोक म्हणतात अरे हे सुकलं वाटतं. सुकलेलं नसतं, तसंच असतं.

आकार डोक्यात बसवायला सोपे आहेत. मुळा आणि मोहरी, दोन बदाम, टोकाला खाच असलेले. तुळशीच्या कुळातलं म्हणजे अर्धवर्तुळं, जणू एक गोल मधोमध कापून दोन बाजूंना ठेवलाय. कोथिंबीर आणि गाजर, लांब अरुंद पट्ट्या. भोपळा-काकडी, जाड, गुळगुळीत, लांबटगोल, हाताला मांसल लागतात. टोमॅटो आणि मिरची दोघांची टोकदार भाल्यासारखी, पण टोमॅटोच्या कोवळ्या खोडावर बारीक लव असते आणि मिरचीचं खोड गुळगुळीत. उन्हाकडे तोंड करून रोप आडवं धरा, लव चमकते, लगेच कळतं.

मॉर्निंग ग्लोरीच्या कुळातल्या वेलींची बीजपत्रं एकदा बघितली की विसरत नाही, मधोमध खोल चिरलेली, फुलपाखराच्या पंखांसारखी, आणि पुढचं पहिलं खरं पान एकदम बदामी. त्या वेळी रोप जेमतेम बोटभर असतं आणि इतकं गोड दिसतं की काढायचा जीव होत नाही. महिन्याभराने तेच शेजारच्या गुलाबाला गळ्यापर्यंत गुंडाळून बसलेलं असतं.

बीजपत्रं गळून जातात, त्यामुळे दिसली की लगेच फोटो काढा. शेजारी आगकाडी ठेवून काढा, नाहीतर नंतर फोटोवरून रोप नखाएवढं होतं की तळहाताएवढं तेच कळत नाही. मग दर तीन-चार दिवसांनी त्याच कोनातून एक.

खरी पानं, खोड, चीक, वास

तिसरं-चौथं पान आलं की खरी तपासणी सुरू. मी याच क्रमाने बघतो आणि वहीत चार शब्द लिहितो, कारण डोक्यात सगळं राहतं हा निव्वळ भ्रम आहे.

पानं समोरासमोर की एकाआड एक? ही एकच गोष्ट बघितली असती तर माझा कॉसमॉस वाचला असता. कॉसमॉस आणि झेंडू दोघांची पानं समोरासमोरच्या जोड्यांनी येतात, गाजर गवताची एकाआड एक. शिवाय गाजर गवत लहानपणी जमिनीला चिकटून गोल पसरतं, चक्कर ठेवल्यासारखं, पानं राखाडी-हिरवी आणि बारीक लवदार. कॉसमॉस पहिल्यापासून ताठ उभा आणि पानं दोऱ्यासारखी बारीक. झेंडूचं पान चुरडलं की वासच सांगतो, डोळे मिटून ओळखता येईल.

मग खोड. बोटांत धरून फिरवायचं. चौकोनी लागलं आणि पानं समोरासमोर असली तर पुदिना-तुळशीच्या घरचं असू शकतं, पण घाणेरीचं खोडही चौकोनीच, फक्त त्यावर उलटे वाकडे बारीक काटे असतात आणि पान खरखरीत, चुरडलं की उग्र वास. त्रिकोणी लागलं तर ते गवत नाहीच, लव्हाळा किंवा त्याचा भाऊबंद. गवताचं खोड गोल, पेरं असलेलं. हा त्रिकोण डोळ्यांना पटकन दिसत नाही, बोटांना मात्र लगेच कळतो.

पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का ते बघा. घोळ आणि दुधी ही जोडी कायम गोंधळात टाकते, दोन्ही जमिनीलगत पसरतात, दोन्हींची खोडं लालसर. घोळीचं पान जाड, पाणीदार आणि तोडलं तर नुसतं पाणी. दुधीचं पान पातळ आणि तोडलं की पांढरा थेंब. तो चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, रुईचा तर अजिबात नाही, डोळ्याला खरंच इजा होते. अनोळखी झाडाला हात लावताना हातमोजे घालायचे, आणि गाजर गवत तर उघड्या हाताने उपटूच नये, काहींच्या कातडीवर त्याने जबरदस्त ॲलर्जी उठते आणि मग ती वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

आणि चव बघून ओळखायचं, हे बंद. धोत्र्याचं रोप लहानपणी वांग्याच्या रोपासारखं दिसतं, एवढं एक कारण पुरे. आपोआप उगवलेल्या भोपळा-दुधी-काकडीच्या वेलाला फळ धरलं तरी जपून, आधीच्या पिढीत त्याच्याच कडू किंवा रानटी प्रकाराशी परागीकरण झालेलं असेल तर फळ कडू निघू शकतं. कडू लागलं की थुंकायचं आणि फेकायचं, शिजवून कडूपणा गेला असेल असं म्हणून खायचं नाही, त्याने माणसं खरोखर आजारी पडतात.

झाडांची रोपं आणखी लबाड. कडुनिंबाची पहिली पानं तीन-तीन पानांची असतात, नेहमीचं लांब करवतीसारखं पान नंतर येतं. पपईची सुरुवातीची पानं साधीच, हाताच्या पंजासारखी फाटलेली नंतर. म्हणून मोठ्या झाडाचं पान मनात धरून लहान रोप शोधायला गेलात तर सापडणार नाही.

मोबाइल ॲपवर किती भरवसा

प्लांटनेट, आयनॅचरलिस्ट, गूगल लेन्स, तिन्ही वापरा, फुकट आहेत आणि फुलाचा फोटो दिला तर बरेचदा कामाचं उत्तर देतात. पण दोन पानांच्या रोपावर तीच ॲप्स सरळ ठोकून देतात. माझी पद्धत अशी की एकाच रोपाचे चार वेगळे फोटो द्यायचे: पूर्ण रोप, पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि पान खोडाला जिथे जुळतं तो भाग. मागे पांढरा कागद धरायचा म्हणजे शेजारची पानं मध्ये येत नाहीत. चारही वेळा कुळ एकच आलं तर ते धरून चालायचं. चार फोटोंना चार नावं आली तर ॲपलाही माहीत नाहीये, आणखी दोन पानं येऊ द्या. पहिलं नाव वाचून खूश होऊन उपटायला धावायचं नाही, आणि "दुर्मिळ औषधी वनस्पती" असं वाचून शेजाऱ्यांना वाटायलाही धावायचं नाही.

नजरकैदेची कुंडी

अनोळखी रोप बेडमध्ये असेल तर मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट चमच्याने उचला, संध्याकाळी, आणि वेगळ्या कुंडीत लावा. कुंडी जमिनीवर ठेवायची नाही, फरशीवर ताट किंवा विटेवर ठेवायची, कारण खालच्या भोकातून मूळ बाहेर पडून जमिनीत शिरणं हा पळून जायचा सगळ्यात सोपा रस्ता आहे. कुंडीवर तारीख टाका. नाव माहीत नसलं तरी तारीख टाका.

आता महत्त्वाचं. या कुंडीला मुदत असते, आणि ती मुदत म्हणजे पहिली कळी. कळी दिसली की ओळखायला सगळ्यात सोपं, फुलाचा फोटो काढून त्याच दिवशी ओळख पटवा. पटली नाही तर कळ्या खुडत राहा, पण बी धरू देऊ नका. गाजर गवत उगवल्यापासून चार-सहा आठवड्यांत फुलावर येतं आणि एक चांगलं वाढलेलं झाड हजारो बिया टाकतं, त्यामुळे "पुढच्या रविवारी बघू" हा रविवार फार महाग पडतो. बी मातीत किती टिकतं याचा मला आवडणारा पुरावा म्हणजे १८७९ साली विल्यम जेम्स बील नावाच्या प्राध्यापकाने अमेरिकेत मिशिगनमध्ये बिया आणि वाळू भरून वीस बाटल्या पुरल्या, ठरावीक वर्षांनी एकेक उकरायची म्हणून. २०२१ मध्ये उकरलेल्या बाटलीतल्या व्हर्बॅस्कम नावाच्या रानफुलाच्या बिया उगवल्या, म्हणजे १४२ वर्षांनी. आपल्या बागेतलं प्रत्येक तण एवढं चिवट नसतं, पण एकदा झडलेलं बी वेचून घेता येत नाही हे खरं.

पसरतं कसं, ते असं शोधा

नाव कळलं तर उत्तमच, नाही कळलं तरी कुंडीतल्या रोपाला हे प्रश्न विचारता येतात. कुंडी हलकेच उपडी करून मातीचा गोळा बाहेर काढा. आत पांढरी, जाड, पेरं असलेली आडवी खोडं कुंडीच्या भिंतीला गोल फिरलेली दिसली तर हा गडी जमिनीखालून चालणारा आहे. मुळांवर गाठी-कंद लोंबत असले तर तेच, आणखी चिवट. खोड मातीला टेकलंय तिथे पेऱ्यातून मुळं फुटलीत का बघा, फुटली असतील तर तो वरून धावणारा. खोडाचा दोन पेऱ्यांचा तुकडा पाण्यात ठेवा, आठवड्यात मुळं आली तर त्याचा कापलेला कचरा म्हणजे नवीन लागवडच. फळ रसाळ, छोटं, गडद रंगाचं असेल तर पक्षी नेणार. शेंग पिकून टचकन फुटत असेल, तेरड्यासारखी, तर बी चार हात लांब उडणार. रुएलियाच्या वाळक्या शेंगेवर पाणी टाकून बघा, पोरांचा आवडता खेळ आहे, फटाकडीसारखी उडते, आणि नेमक्या त्याच कारणाने ते झाड एका कुंडीतून सगळ्या कुंड्यांत पोचतं. पानफुटी तर पानाच्या कडेलाच पिल्लं धरते आणि ती खाली पडली की लागतात.

इथे एक फरक लक्षात ठेवायचा. बागेत भराभर वाढणारं झाड आणि खरं आक्रमक झाड या वेगळ्या गोष्टी. आक्रमक म्हणजे दुसऱ्या मुलखातून येऊन कुंपणाबाहेर सुटणारं आणि तिथलं मूळचं जे काही आहे ते दाबून टाकणारं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी २००० साली जगातल्या शंभर वाईट आक्रमक जातींची एक यादी काढली, त्यात घाणेरी, सुबाभूळ, जलपर्णी, वेडेलिया (पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी) ही मंडळी आहेत, आणि माधवीलताही आहे. माधवीलता! भारतात आणि आग्नेय आशियात ती घरचीच, पण मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर तिने जंगलं गिळली. म्हणजे झाड वाईट नसतं, ठिकाण चुकतं. म्हणून ओळख पटल्यावर "हे आपल्या प्रदेशात आक्रमक म्हणून नोंदलंय का" हे तिथल्या वन किंवा कृषी खात्याच्या यादीत तपासा, दुसऱ्या देशातल्या यूट्यूबवाल्याचं ऐकून नको.

आणि सुंदर दिसतं म्हणून सोडू नका, या यादीतली कितीतरी झाडं लोकांनी हौसेनेच नेली. त्याच यादीतलं जपानी नॉटवीड घ्या. त्याला १८४७ साली नेदरलँड्समधल्या उत्रेख्तच्या शेती आणि बागकाम संस्थेने नवीन शोभेचं झाड म्हणून सुवर्णपदक दिलं होतं. आज त्याच झाडाच्या ग्रॅमभराहून कमी वजनाच्या मूळखोडाच्या, म्हणजे जमिनीखालच्या आडव्या खोडाच्या, तुकड्यातून नवीन झाड येतं म्हणून ब्रिटनमध्ये लोक हैराण आहेत.

आवरायचं कसं

पुदिन्यापासून सुरू करू, कारण तो सगळ्यांकडे असतो आणि सगळ्यांचा एकदा तरी सुटलेला असतो. बेडमध्ये लावायचाच असेल तर कुंडीसकट पुरा, पण कुंडीचा काठ मातीच्या वर दोन इंच राहू द्या. काठ मातीच्या पातळीत गेला की फांद्या वरून उडी मारतात, आणि हे मी अंदाजाने सांगत नाहीये, एका पावसात माती वाहून येऊन काठ झाकला गेला आणि पंधरा दिवसांत पलीकडे पुदिना. वर्षातून एकदा कुंडी उपसून खालची भोकं बघायची, बाहेर आलेली मुळं कापायची आणि परत ठेवायची.

बांबू घेताना एकच प्रश्न विचारा, बेटाने वाढणारा की धावणारा. बेटाचा असेल तर तो हळूहळू रुंद होतो, त्याच्याशी जमतं. धावणारा असेल तर जाड प्लास्टिकच्या (एचडीपीई) शीटचा अडथळा लागतो, साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर खोल आणि मातीच्या वर पाच सेंटिमीटर दिसणारा. शीट अगदी सरळ उभी लावायची नाही, वरची कड थोडी बाहेर झुकलेली ठेवायची, म्हणजे आडवं खोड येऊन आपटलं की खाली न शिरता वर वळतं आणि डोळ्यांना दिसतं. दोन टोकं जिथे जुळतात तिथे नुसतं एकावर एक ठेवून भागत नाही, पट्टी लावून घट्ट आवळा, बांबू नेमकी तीच फट शोधतो. आणि वर्षातून एकदा कडेने फिरून वर आलेली खोडं कापायची. अडथळा घातला म्हणजे काम झालं असं नाही, त्याने फक्त कुठे बघायचं ते कळतं.

वेडेलिया, सिंगोनियम, मनी प्लांट, ट्रॅडेस्कॅन्शिया, ही सगळी प्रत्येक पेऱ्याला मुळं सोडणारी मंडळी. यांना टांगत्या कुंडीत ठेवा आणि लोंबणारी फांदी जमिनीला टेकायच्या आत कापा, एवढं पुरतं. जमिनीत आधीच पसरली असतील तर एका कडेने चटई गुंडाळतो तशी गुंडाळत जायचं, पेरं तुटून मागे राहू न देता, आणि तीन आठवड्यांनी त्याच जागेवर परत.

लव्हाळा मात्र वेगळं प्रकरण. उपटला की हातात नुसती पात येते आणि आपल्याला वाटतं निघाला. खुरप्याने वीतभर खोल माती सैल करून बोटं आत घाला, बारीक काळ्या दोऱ्यावर मण्यांसारखे ओवलेले कंद लागतील, एक, मग दोरा, मग दुसरा. हा दोरा तुटला की मागचे झोपलेले कंद जागे होतात, म्हणून झटका मारून ओढणं म्हणजे एकाचे चार करणं. बहुतेक कंद वरच्या वीतभर मातीतच असतात, त्यामुळे छोट्या बेडमध्ये माती चाळून काढणं शक्य आहे, कंटाळवाणं आहे पण शक्य आहे. निघालेले कंद कडक उन्हात खडखडीत वाळवा, वाळले की मरतात. मोठ्या जागेत दर दोन-तीन आठवड्यांनी पात कापत राहायची म्हणजे नवीन कंद भरायला ताकद मिळत नाही, आणि दाट सावली देणारं काहीतरी लावायचं, लव्हाळ्याला सावली सोसत नाही.

बियांनी माखलेली मोकळी जागा असेल तर कडक उन्हाळ्यात पाणी देऊन, पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीने बंद करून चार ते सहा आठवडे ठेवा. काळं नाही, पारदर्शक, ऊन आत जाऊन माती तापली पाहिजे. वरच्या थरातलं बरंचसं बी यात मरतं, खोलवरचे कंद मरत नाहीत. तणनाशकाबद्दल एवढंच म्हणेन की घरच्या बागेत मला त्याची गरज क्वचित पडली, आणि वापरायचंच असेल तर लेबल पूर्ण वाचून, वारा नसताना.

काढलेलं टाकायचं कुठे

इथे बरेच जण सगळ्या मेहनतीवर पाणी ओततात. सगळं काढून झालं की ढीग कंपोस्टमध्ये. घरचा कंपोस्ट ड्रम सहसा एवढा तापतच नाही, बी मरायला ५५ ते ६० अंश सेल्सिअस काही दिवस टिकावं लागतं. म्हणून फुलाआधी उपटलेलं, मुळं झटकून वाळवलेलं तण कंपोस्टला चालतं, बी धरलेलं आणि मूळखोडवालं नाही. मूळखोडं, धावत्या फांद्या झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून महिना-दीड महिना कुजू द्या, वास असह्य येतो, बादली खिडकीपासून लांब ठेवा, पण मग ते पाणी आणि लगदा कंपोस्टला घालता येतो. बियांची बोंडं आधी कात्रीने कापून वेगळ्या पिशवीत बांधा, ती कोरड्या कचऱ्यात नाहीतर स्थानिक नियम असतील तिथे.

पाणवनस्पतींबाबत जास्तच जपा. टबमधली जलपर्णी वाढली म्हणून कोणी गटारात किंवा तळ्यात सोडते, तिथे अनुकूल हवेत ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. टबचं पाणी बदलताना ते कोरड्या मातीवर ओता, नाल्यात नाही, आणि काढलेली झाडं उन्हात पूर्ण वाळेपर्यंत फरशीवर पसरून ठेवा.

नजरकैदेची कुंडी रिकामी केली तरी तिची माती लगेच दुसरीकडे वापरू नका. तिला तसंच पाणी घालत तीन आठवडे ठेवा, राहिलेला तुकडा किंवा बी असेल तर तेवढ्यात डोकं वर काढतं. माझ्या अशाच एका कुंडीत दोनदा काढलं, तिसऱ्यांदा पाणी घातलं तेव्हा काही आलं नाही, मग त्यात मिरची लावली. मिरचीच्या शेजारी परवा एक कोंब आलाय, बीजपत्रांना टोकाशी खाच आहे. मोहरी असावी. आगकाडी ठेवून फोटो काढलाय.